पंचवीस-अकरा

कॅनीज बेंड, अलाबामा
रविवार, ३ ऑगस्ट १९८६

प्रिय ओपलताई,

तुझं कार्ड अजून आलेलं नाही. मागच्या वर्षी १ ऑगस्टला आलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी ३० जुलैला. म्हणून ही आठवण. मुदत नेहमीचीच, पोस्टाचा शिक्का २० ऑगस्टच्या पुढचा चालणार नाही. मोसमाची पहिली फुटबॉल मॅच शनिवारी, ६ सप्टेंबरला दुपारी दीड वाजता, आपल्या कॉलेजचे बगळे विरुद्ध कोल्ड स्प्रिंग, आपल्याच मैदानावर. कार्डावर दोन्ही संघांच्या गुणांचा अंदाज, सही आणि गाव. बाकी काही लिहू नये. गेल्या साली तू कोचच्या पोटाबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि त्या मला सगळ्या गावासमोर, कोच हजर असताना, वाचाव्या लागल्या. कार्डावर जे असतं ते मी वाचतो. त्यातलं निवडत बसलो तर लोकांनी माझ्यावर विश्वास कशाला ठेवायचा?

ही अंदाजांची पेटी सांभाळायचं यंदा माझं पंचविसावं वर्ष. कॉलेजच्या मासिकाने पत्र पाठवून आजवरच्या अचूक अंदाजवाल्यांची यादी मागितली आहे. 'श्री. हॉलिस क्रॅबट्री यांस' असं टाइप केलेलं. नववीतून शाळा सोडून गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कॉलेज माहिती मागतं, कारण ती त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे आहे. इमेट न्हावी म्हणाला, "हॉलिस, आता तुला डॉक्टरेट देतील. मग तू माझ्या बायकोचा गुडघा बघ." हसू दे. त्याच्या दुकानातल्या फळीवर नावं रंगवलेली आहेत, पण साल आणि आकडे माझ्या वहीत आहेत. चोवीस वर्षांत फक्त पाच जण अचूक. दोन्ही आकडे बरोबर यायला हवेत, एका गुणाचीही सूट नाही.

कार्ड पाठव.

तुझा,
हॉलिस


टोलेडो, ओहायो
१० ऑगस्ट

भाऊराया,

टाकलं कार्ड. एकही शब्द जादा लिहिलेला नाही, कोचला कळव. या वर्षी मला विचारसुद्धा करावा लागला नाही. सिंकपाशी भांडी घासत होते, आणि कोणीतरी मागून सांगावं तसे दोन आकडे कानात आले. वळून बघितलं तर मागे फक्त फ्रिज. आकडे इतके विचित्र की मलाच हसू आलं, पण हात पुसले आणि लिहून टाकले. काय लिहिलं ते सांगणार नाही. तुझाच नियम.

यादीवरून एक विचारते. अचूक येणाऱ्याला बक्षीस म्हणून पुढच्या वर्षीच्या पहिल्या मॅचला मैदानाच्या कडेला, कोचशेजारच्या खुर्चीत बसवतात ना? त्या खुर्चीत बसलेलं कोण आठवतंय तुला? मी इकडे यायच्या आधीची एकच आठवण आहे माझ्याकडे. त्यात क्लिऑन बॅसेटची बायको बसलीय, मांडीवर त्याची टोपी. क्लिऑन स्वतः का नव्हता बसला?

इथे मक्याची भाकरी साखर घालून करतात. कितव्यांदा सांगतेय माहीत नाही, पण राग जात नाही.

ओपल


कॅनीज बेंड
रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझा प्रश्न वाचून मी वही काढली. वहीत आकडे होते, माणसांचं पुढे काय झालं ते नव्हतं. ते शोधायला वाचनालयात तीन दुपारी गेल्या.

क्लिऑन बॅसेट, पोस्टमन, १९६२ चा अचूक. फेब्रुवारी ६३ मध्ये गेला. म्हणून खुर्चीत बायको. १९६६ ची वाँडा प्रुइट, तिसरीच्या वर्गाची बाई, वय एकोणतीस. त्याच डिसेंबरात तिची गाडी पुलावरून नदीत गेली. १९७१ चे जज थरमन होल्ट एक्याऐंशीचे होते, ते पुढच्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांचं वयच झालं होतं. मोझेल टार्व्हर १९७७ ची, शिवणकाम करायची, तुझ्याच वर्गातली. पुढच्या मे महिन्यात गेली. आणि रे डीन लँगस्टन, १९८२. तो सप्टेंबर ८३ पर्यंत ठणठणीत होता. ३ तारखेला सकाळी खुर्चीत बसायला म्हणून नवा कोट दाराला टांगून दाढी करत होता, आणि तिथेच कोसळला. मॅच दीडला होती.

पाचपैकी पाच. त्या खुर्चीत आजवर एकही अचूक माणूस बसलेला नाही. मी दर वर्षी तिथून वीस पावलांवर उभा असतो आणि हे माझ्या लक्षात आलं नाही, याची मला जास्त लाज वाटते.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही हे तुला माहीत आहे. पाच हा लहान आकडा आहे. तरी एक विनंती करतो, आयुष्यात पहिल्यांदा नियमाबाहेरची. तुझं कार्ड पेटीत पडलं आहे. परत मागितल्याचं पत्र पाठव, मी साक्षीदारासमोर ते न उघडता काढून ठेवतो. ते कानात आलेले आकडे मला आवडले नाहीत.

हॉलिस


टोलेडो
२३ ऑगस्ट

हॉलिस,

पाचवीत तू बाबांच्या तराजूत खोट काढली होतीस आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत फिरला होतास. तोच तू आज मला कार्ड मागे घ्यायला सांगतोस? नाही घेणार. मी साठ वर्षांची आहे, माझा रक्तदाब तुझ्यापेक्षा बरा आहे, आणि बगळ्यांचा अंदाज माझा आजवर वीस गुणांच्या आत कधी आला नाही. माणसं मरतात रे. एका वर्षात पुष्कळ मरतात. तू शंभर चुकलेल्यांची यादी काढून बघ, त्यातलेही गेलेले दिसतील.

मोझेल टार्व्हर गेली हे तू मला तेव्हा कळवलं नव्हतंस. ते मात्र लागलं मला.

मॅच झाली की लगेच लिही, इथल्या रेडिओवर बगळे लागत नाहीत.

ओपल


कॅनीज बेंड
रविवार, ७ सप्टेंबर

ताई,

तू सुखरूप आहेस ना? आधी ते कळव, मग पुढचं वाच.

काल मॅच संपायला सव्वा मिनिट होतं तेव्हा आपण तेवीस-अकरा पुढे होतो. लोक थर्मास आणि उकडलेल्या शेंगांच्या पिशव्या आवरून निघायला लागले होते. चेंडू कोल्ड स्प्रिंगकडे, त्यांच्याच गोलरेषेपासून चार यार्डांवर. मॅच हातची गेलेली असताना शहाण्या संघाने गुडघा टेकून वेळ संपवला असता. पण त्यांचा फेकणारा पोरगा मागे सरकला, आणखी मागे सरकला, जणू त्याला कोणी हात धरून नेतंय, आणि स्वतःच्याच गोलरेषेमागच्या पट्ट्यात उभा राहिला. चेंडू छातीशी, नजर आमच्या बाजूला. आमचा चौसष्ट नंबरचा लव्हॉन स्टेगॉल आला आणि त्याला पाडलं. स्वतःच्या पट्ट्यात पाडला गेला की दोन गुण समोरच्या संघाला. पंचवीस-अकरा. माझ्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. असा निकाल या मैदानावर एकदाही लागलेला नाही. मी वही न बघता सांगतो.

मग कोर्टासमोरच्या हिरवळीवर पेटी उघडली. दोनशे चौदा कार्डं. तुझं एकशे नव्वदावं निघालं. कार्डावर जे असतं ते मी वाचतो, म्हणून वाचलं: पंचवीस-अकरा. लोकांनी टाळ्या पिटल्या, टोप्या उडवल्या. इमेट ओरडला, "घराण्यातच ठेवलंस काय रे, चोरा! ब्रश आण कुणीतरी, नाव रंगवतो!" मी म्हटलं, रंग राहू दे. तो म्हणाला, "का? स्पेलिंग तपासायचंय?"

रात्रभर जागलो नाही, झोपलो, पण पहाटे उठून ठरवलं. आकडा लपवून उपयोग नाही, कारण मॅचचा निकाल निकालच राहतो. निकालच बदलायला हवा. आणि तो बदलायचा रस्ता माझ्या कात्रणांच्या खोक्यात आहे.

कॉलेजच्या संघातून कोणालाही चारच मोसम खेळता येतं. स्टेगॉलचा हा चौथा म्हणतात. पण माझ्याकडे टेक्सासच्या एका पेपरचं १९८२ चं कात्रण आहे, एका दोन वर्षांच्या कॉलेजच्या संघाचं. त्यात उजवीकडून तिसरा 'एल. स्टेगॉल', तीच मान, तोच तुटका दात. हा त्याचा पाचवा मोसम आहे. हे मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिसलं होतं. मी गप्प बसलो, कारण तो फार चांगला पाडतो. खोटं नाही सांगत तुला.

स्पर्धेच्या मंडळाला कळवलं तर मॅच काढून घेतील. तुझ्या पत्राची वाट बघतो.

हॉलिस


टोलेडो
१४ सप्टेंबर

हॉलिस,

काही करू नकोस. त्या स्टेगॉलची बायको कॉलेजच्या खानावळीत काम करते, तूच मागे लिहिलं होतंस. त्याची पदवी या वर्षी आहे. माझ्या साठ वर्षांसाठी त्याचं पंचविसावं वर्ष नासवायचं? आणि गावाचं काय? तुला न्हाव्याकडे खुर्ची मिळणार नाही.

मला काही झालेलं नाही. शनिवारी पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं, एवढंच. म्हणून अक्षर वाकडं आहे. शेजारीण सूप आणून देते. तिला मीठ म्हणजे काय ते माहीत नाही.

खरंच काही करू नकोस. मोठी बहीण म्हणून सांगते.

ओपल


कॅनीज बेंड
रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र १७ सप्टेंबरला सकाळी मिळालं. उजवं मनगट मोडलेलं माणूस डाव्या हाताने लिहितं, आणि डाव्या हाताचं अक्षर डावीकडे कलतं, शाई पुसली जाते. तुझं अक्षर उजवीकडेच कललेलं आहे, नुसतं थरथरतंय. कागदाच्या खालच्या कडेला औषधाचा पिवळा डाग आहे. तेव्हा मनगट मोडलेलं नाही, आणि तू घरी नाहीस. कुठे आहेस ते न सांगण्याइतकं वाईट आहे, एवढं मला कळलं. त्याच दिवशी दुपारच्या टपालाने मंडळाला तक्रार पाठवली.

तक्रारीची नक्कल माझ्याकडे आहे. शेवटचा परिच्छेद तुला उतरवून देतो, कारण तो नीट जमला आहे: 'कात्रण सोबत जोडले आहे. मंडळाच्या चौदाव्या नियमानुसार अपात्र खेळाडू खेळवलेली मॅच प्रतिपक्षाला द्यावी लागते व निकाल कोल्ड स्प्रिंग एक, कॅनीज बेंड शून्य असा नोंदवावा लागतो. तो तसाच नोंदवला जाईल. हॉलिस ए. क्रॅबट्री, १७ सप्टेंबर १९८६.'

एक-शून्य हा निकाल या खेळात मैदानावर होऊच शकत नाही. नुसता एक गुण कोणालाच मिळवता येत नाही, म्हणूनच कागदी निकालाला तो ठेवला आहे. मी दोनशे चौदा कार्डं पुन्हा एकेक करून पाहिली. एक-शून्य कोणीही लिहिलेलं नाही. शुद्धीवरचा माणूस लिहिणारच नाही. म्हणजे तू सुटलीस, आणि तुझ्या जागी गावातलं कोणी अडकलं नाही. याची खात्री करूनच मी पाकीट टाकलं.

निकाल मंगळवारी, ३० सप्टेंबरला सकाळी साडेनऊला जाहीर झाला. रेडिओवर ऐकला.

दुपारी स्टेगॉल दुकानात आला. दारात उभा राहिला तर उजेड बंद झाला, एवढा माणूस. मला वाटलं मारतो. त्याने टोपी काढली.

"मिस्टर हॉलिस, कात्रण तुमच्याकडचं?"

"हो."

"कधीपासून?"

"ऑगस्ट. पहिला आठवडा."

"मग ऑगस्टमध्येच का नाही बोललात? मी खेळलोच नसतो. नुसता शिकलो असतो, पदवी घेतली असती. खेळायच्या आधी सांगितलं असतंत तर मला फक्त बाकावर बसवलं असतं. आता कॉलेजातूनच काढून टाकलं."

मी त्याला म्हटलं, माझी बहीण आजारी आहे. तो म्हणाला, "बऱ्या होवोत त्या." टोपी घातली आणि गेला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

इमेटच्या दुकानात गेलो तर खुर्ची रिकामी होती आणि तो म्हणाला, "आज गर्दी आहे." पेटी माझ्याकडून काढून घेतली आहे. दुकानाच्या पायरीवर कोणीतरी मेलेला बगळा ठेवला होता, पंख नीट मिटून, मान सरळ करून. टाकला नव्हता, ठेवला होता. मी मागच्या अंगणात पुरला.

तुझी तब्येत कळव. खरी कळव.

हॉलिस


टोलेडो
२५ ऑक्टोबर

माझ्या भाऊराया,

खरं सांगते. मनगट नव्हतं, कंबरेचं हाड होतं. ६ सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पडले. इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा तासभर पुढे असतं, तेव्हा हिशेब तूच कर. पायरीवर पाणी नव्हतं, पायात काही अडकलं नव्हतं. कोणीतरी हाक मारली असं वाटलं म्हणून मागे वळले, इतकंच. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली. ताप उतरेना. तुझं यापुढचं कुठलंही पत्र वाचून दाखवायला मी नर्सला मनाई केली होती, कारण त्यात काय असेल ते मला ठाऊक होतं. २९ च्या संध्याकाळी पाद्री येऊन प्रार्थना करून गेला. मला त्याचे फक्त बूट आठवतात.

३० ला सकाळी साडेदहाला ताप गेला. हळूहळू उतरला नाही, गेला. मी उठून टोस्ट मागितला. डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले, त्यांना वाटलं थर्मामीटर बिघडला.

कालच घरी आले, आणि कालच तुझी सगळी पत्रं ओळीने वाचली. पाच ऑक्टोबरचं चार वेळा वाचलं. हॉलिस, तू दोनशे चौदा कार्डं तपासलीस. पेटीत नसलेला एक कागद तपासलास का? निकाल लागायच्या तेरा दिवस आधी कोणीतरी दोन्ही आकडे लिहिले. तारीख घातली, सही केली, पोस्टात टाकले. 'तो तसाच नोंदवला जाईल' असंही लिहिलं. आणि तो तसाच नोंदवला गेला.

हे तुझ्या लक्षात आलं नाही असं मला सांग. चुकून झालं असं लिही. मी तुला आयुष्यभर तुझ्या चुकीबद्दल चिडवीन, रोज चिडवीन, पण लिही.

मी निघून येते तिकडे. काठी घेऊन चालता येतं मला.

तुझी,
ओपल


कॅनीज बेंड
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ओपलताई,

येऊ नकोस, हाड जुळेपर्यंत बसचा प्रवास नको. मार्चअखेर ये, तोवर रस्ते बरे होतात.

पंचवीस वर्षं लोकांचे आकडे तपासणारा माणूस स्वतःच्या सहीखालचा आकडा न बघता पाकीट चिकटवेल असं तुला खरंच वाटलं? तीन वेळा वाचलं होतं. पहिल्या मसुद्यात फक्त 'नियमानुसार कारवाई व्हावी' एवढंच होतं. तेवढंही चाललं असतं. पण मग कोणाचंच नाव नसलेला निकाल राहिला असता, आणि तसा राहू दिला तर तो तुझ्याकडेच परत येईल असं मला वाटत राहिलं. वाटण्याला पुरावा नाही. म्हणून शेवटची दोन वाक्यं घातली. तुला ती उतरवून दिली ते मात्र चुकलं. जमलेल्या वाक्याचा मोह आवरला नाही. चिडवायचं असेल तर त्यावरून चिडव.

आजपर्यंत मला काहीही झालेलं नाही. भूक आहे, झोप आहे. काल छपरावर चढून पन्हाळ साफ केली आणि उतरताना शिडीची प्रत्येक पायरी मोजली. शेवटची पायरी जिथे संपायला हवी होती तिथे आणखी एक आहे असं वाटलं, आणि पाय ठेवायच्या आधी मी थांबलो. मग जमीनच होती.

लव्हॉन स्टेगॉलला मी मोबील शहरातल्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे चिकटवला आहे. त्याने आधी नाही म्हटलं, मग बायकोने हो म्हटलं. पदवीची परीक्षा त्याला वसंतात बाहेरून देता येते. त्याला गणित मी शिकवतो, तो दर शनिवारी येतो. मला माफ केलेलं नाही. गणित चांगलं आहे त्याचं.

वह्या वाचनालयात विनेल गॅम्बलच्या हवाली केल्या. बाई व्यवस्थित आहे, शाई न पुसता पान उलटते. १९८६ च्या ओळीत मी मंडळाचा निकाल लिहिला, एक-शून्य, आणि पुढे अचूक अंदाज करणाऱ्याचं नाव लिहिलं, माझ्याच अक्षरात. मग सहाही ओळींना पुरेल असा एक नवा रकाना पट्टीने आखला आणि क्लिऑनपासून रे डीनपर्यंत पाचही जण गेल्याच्या तारखा भरल्या. सहावी जागा कोरी आहे. कोरी जागा ठेवून मी आजवर कुठलीही वही बंद केलेली नाही, हे विनेलला सांगितलं. ती म्हणाली, "मग कोणी भरायची, मिस्टर हॉलिस?"

तुझा पत्ता दिला आहे तिला, ती जागा तू भरायची. तारीख पेपरातून घेऊ नकोस, पेपरवाले एका दिवसाने चुकतात. दाखल्यावरून घे.

तुझा,
हॉलिस